गिऱ्हाइकाच्या हातातलं पुस्तक

“पुस्तक जरा वर धरा, दादा. खालच्या ओळी दिसत नाहीत मला,” न्हावी म्हणाला.

खुर्चीतल्या बस ड्रायव्हरने गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कपड्याखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि रसायनशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक छातीपर्यंत उचललं. आता त्या दुकानाची रीतच तशी पडली होती. न्हाव्याने दाढी करता करता गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून प्रश्न वाचायचा, शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या त्याच्या मुलीने उत्तर द्यायचं, आणि गिऱ्हाइकाने शेवटच्या पानांत बोट घालून ते ताडून बघायचं. घरी थोरल्या लेकीचं तान्हं बाळ दिवसभर रडून घर डोक्यावर घेत होतं, म्हणून धाकटीचा अभ्यास दुकानात आला. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली नाही. उलट काही जण तर दाढी वाढायची वाटही न बघता येऊन बसायला लागले होते.

प्रवेश परीक्षा परवावर आली होती. पोरीला औषधं बनवायचं शिक्षण घ्यायचं होतं आणि गेल्या वर्षी रसायनशास्त्रानेच तिला दारातून परत पाठवलं होतं. बाकी सगळं तोंडपाठ. पण दोन पदार्थ एकत्र आले की आधी कोणता संपेल आणि काय उरेल, इथं तिचं घोडं हमखास पेंड खायचं. सकाळीच तिने बापाला सांगून टाकलं होतं, “ती गणितं मी सोडूनच देणार आहे. डोकं चालत नाही माझं.”

“बरं, दे सोडून,” असं तो तेव्हा म्हणाला खरा, पण ती गणितं सोडली तर याही वर्षी प्रवेश हुकणार, हे त्याला चांगलंच कळत होतं.

“हं, हा घे,” तो आता अगदी सहज म्हणाला. “चार ग्रॅम हायड्रोजन, सोळा ग्रॅम ऑक्सिजन. पाणी किती होईल आणि उरेल काय?”

“बाबा, हे नको म्हटलं होतं ना?”

“मला काय कळतंय त्यातलं? दिसला तो वाचला.”

साफ खोटं. दोन पानं पुढे उलटा म्हणून ड्रायव्हरला कोपराने त्यानेच तर डिवचलं होतं.

ड्रायव्हरने मनातल्या मनात चार आणि सोळा वीस केले, शेवटच्या पानांत वेगळंच उत्तर पाहिलं आणि खट्टू झाला. न्हाव्याने वस्तरा त्याच्या मिशीच्या डाव्या कडेला लावला. पांढरी झाली तरी दोन्ही टोकांना पीळ असलेली मिशी होती ती. लग्नाच्या वेळी मी आधी मिशी पाहिली आणि मग माणूस, असं ड्रायव्हरची बायको अजून सांगायची.

“आता बोलू नका, दादा. कड काढतोय.”

“वीस,” मुलगी म्हणाली. मग लगेच, “नाही, थांबा.”

ती खुर्चीच्या हातावरचं फाटकं रेक्झिन नखाने कुरतडत राहिली. बापाचं लक्ष वस्तऱ्यावर कमी आणि आरशातल्या तिच्या चेहऱ्यावर जास्त होतं. एवढं एक तरी येऊ दे, असं त्याला मनापासून वाटत होतं. एकाएकी ती पाय खाली सोडून ताठ बसली.

“बाबा, पाच गिऱ्हाइकं आली आणि धुतलेले टॉवेल दोनच आहेत. दाढ्या किती होतील?”

“दोन. बाकीच्यांनी बसायचं पेपर वाचत.”

“तेच. सोळा ग्रॅम ऑक्सिजनला दोनच ग्रॅम हायड्रोजन लागतो. ऑक्सिजन संपला की खेळ खलास. पाणी झालं अठरा ग्रॅम. आणि दोन ग्रॅम हायड्रोजन बसला पेपर वाचत.”

ड्रायव्हरचं बोट उत्तरावरच होतं. तोंड उघडायची सोय नव्हती आणि इतकं बरोबर उत्तर पोटात ठेवणं त्याला जमेना. त्याने चांगली जोरात मान हलवली.

कपड्यावर पांढऱ्या केसांचा झुपका पडला.

कातडीला ओरखडाही नव्हता, पण डावीकडची मिशी निम्मी गेली होती. न्हाव्याच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचं उत्तर बरोबर आलं म्हणून हसावं की मिशीसाठी रडावं, हेच त्याला समजेना.

“दादा, माझा हात...”

“तुझा हात जागेवर होता. माझीच मान हलली.”

“काका, माझ्यामुळे झालं,” मुलगी उठून उभी राहिली.

ड्रायव्हरने आरशात डावा गाल पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. थोड्या वेळाने तो पांढरा कपडा पोटापाशी हलायला लागला, आणि गिऱ्हाईक हसतंय हे कळल्यावर न्हाव्याचा जीव भांड्यात पडला.

“उजवीकडचीही उतरव,” ड्रायव्हर म्हणाला. न्हाव्याचा हात काही उचलेना. “अरे, उतरव. अर्धी मिशी घेऊन बस चालवू का?”

न्हाव्याने ती उतरवली. आरशात एक गुळगुळीत, भलताच तरुण दिसणारा माणूस बसला होता. मुलीने हसू लपवायला ओढणी तोंडावर धरली. तोंड पुसायला न्हाव्याने टॉवेल पुढे केला, तर ड्रायव्हरने तो बाजूला सारला आणि पुस्तक पुन्हा छातीपर्यंत उचललं.

“पुढचा प्रश्न विचार,” तो म्हणाला. “याच प्रकारातला. आता मी कितीही मान हलवली तरी जायला काही उरलेलं नाही.”