इंजिन सीटच्या मागं

मार्च १९७८. रविवारी सकाळी सातला कागल रस्त्यावर म्हैस चुकवताना दिलदारची शर्यतीची गाडी चिंचेच्या झाडावर आदळली. गाडीच्या पुढच्या भागाचा चुरा झाला.

गाडी त्याचा दोस्त जयसिंग यानं स्वतःच्या गॅरेजात बांधली होती. दिलदारचे वडील ट्रकच्या धडकेत गेले होते. इंजिन केबिनमध्ये घुसून त्यांच्या छातीवर आलं होतं. म्हणून दिलदारची आई मेहमुदा हिनं जयसिंगला आधीच बजावलं होतं, "इंजान म्होरं ठिवलंस तर पोराला गाडीत बसू देनार न्हाय."

जयसिंगनं इंजिन सीटच्या मागं बसवलं. "विलायतेत शर्यतीला अशाच गाड्या पळत्यात, चाची," तो म्हणाला.

दिलदार हसला होता. "मग म्होरल्या जागेत तुझा भाकरीचा डबा ठिवतो की!"

दवाखान्यात मेहमुदानं दिलदारचा सदरा वर करून छाती चाचपली. साधा ओरखडाही नव्हता. तिनं जयसिंगचे दोन्ही हात धरले.

"माझं ऐकलंस, बाबा. म्हनून लेकरू वाचलं."

जयसिंगनं हात हळूच सोडवून घेतले. दिलदारला बाहेर काढताना त्यानं पाहिलं होतं: बोल्ट तोडून इंजिन पुढं आलं होतं आणि सीट फोडून दिलदारच्या पाठीत रुतलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी टाचणी काढली. "पायाच्या तळव्याला टोचतो. दुखलं तर सांग," ते म्हणाले, आणि त्यांनी टोचली.

 

दिलदार वाट बघत राहिला. मग म्हणाला, "टोचा की, डॉक्टर."