तीच धावपट्टी, तोच वारा

वारा समोरून, आठ.

अर्धा कप चहा. घरात बाकी सगळ्यांना पूर्ण.

सोफ्याखाली सरकलेला थर्माकोलचा तुकडा.

‘पालकाची सही’ अशी छापील ओळ. ओळीवर काही नाही.

चाकं? खाली.

शनिवार, सकाळचे अकरा. जावई नवा गेमिंग कन्सोल टीव्हीला जोडत होता आणि कॅप्टन, म्हणजे त्याचे सासरे, कुठली वायर कुठून निघून कुठे जाते ते बघत होते.

“हे अचानक कशाबद्दल?”

“सहज, बाबा.”

“सहज कुणी सासऱ्याला काही देत नाही.”

मुलगी हसली, पण त्यांच्याकडे न बघता. तिच्यासमोर टेबलावर फ्लाइंग क्लबचा फॉर्म होता. उद्या कॅप्टन नातीला क्लबच्या विमानातून चक्कर मारून आणणार होते. विमान दोन सीटचं. एक आजोबांची, एक नातीची. नात नऊ वर्षांची. वीस मिनिटांच्या चकरेसाठी तिने दोन दिवसांपासून बॅग भरून ठेवली होती आणि आत्ता ती पोहायला गेली होती. आईची सही तेवढी राहिली होती. चार दिवस राहिली होती.

“पेन चालत नाही का?” कॅप्टननी विचारलं.

“मी काही म्हटलंय का, बाबा?”

“म्हणत नाहीस, तेच तर.”

जावयाने मध्येच गेममधलं विमान उडवायची स्टिक पुढे केली. “बघा, तुमच्या पीसीच्या स्टिकसारखीच आणलीय. विमान तेच, धावपट्टी तीच, वारा तोच लावलाय. एकदा उतरवून दाखवा. पुढे सगळं यावरच येणार, बाबा. पीसीचे दिवस भरले.”

“माझेही भरले म्हणायचंय का, जावईबापू?”

“तसं नाही हो. पीसी म्हणजे रोजचं दुखणं. आज पंखा साफ करा, उद्या कार्ड बदला. याला एक बटण. दाबलं की उडालं.”

“एका बटणावर चालतो तो मिक्सर.”

कॅप्टनची बायको दाराशी उभी होती. हातात प्लास्टिकचं कव्हर घातलेली चेकलिस्ट. रोज सकाळी ते पीसीवर विमान उडवायला बसले की ती शेजारच्या स्टुलावर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि ते उत्तर द्यायचे. कन्सोलसाठी तिला कुणी स्टूल दिलं नव्हतं. ती उभ्यानेच वाचू लागली.

“इंधन?”

“पुरेसं.”

“पट्टा?”

“बांधला.”

“चाकं?”

“खाली.”

धावपट्टी जवळ आली. विमानाचं नाक डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. बारीक, भराभर. कॅप्टननी ओठ मिटले. विमान एका चाकावर टेकलं, उसळलं आणि गवतात जाऊन उलटलं.

टीव्हीने ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून आनंदी संगीत वाजवलं.

“काय करून ठेवलंय यात?” कॅप्टननी विचारलं.

“मी? मी काय करणार?”

“विमान हलत होतं. मी हलवत नव्हतो.” त्यांनी स्टिक उलटी करून बघितली, खालचं रबर नखाने उचकटलं. “दोघांनी मिळून ठरवलंय. आधी खेळण्यात आपटायचं, मग म्हणायचं, बघा, म्हातारा आपटला. सही न करायला कारण हवं होतं ना?”

“बाबा, असं कसं बोलता!” मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई टीव्हीकडे बघत राहिला. ठरवलं होतंच त्यांनी, पण असं नव्हे. बाबांना अजून जमतं का, ते नुसतं बघायचं ठरवलं होतं.

“चला,” कॅप्टन उठले. “खऱ्या मशीनवर चला.”

आतल्या खोलीत पीसी सुरू झाला. पंखा घरघरला. बायको स्टुलावर बसली. तेच विमान, तीच धावपट्टी, वारा समोरून आठ नॉट. जावयाने स्वतः तपासून लावला. मुलगी फॉर्म आणि पेन घेऊन खुर्चीमागे उभी राहिली.

बायकोने वाचलं. आज तिचा आवाज बारीक होता. कॅप्टननी दोनदा सांगितलं, “मोठ्याने.”

विमान दोरीवरून सरकावं तसं सरळ खाली आलं. चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही. पांढऱ्या रेषेच्या मधोमध धावून ते थांबलं.

“आता बोला,” कॅप्टन म्हणाले. “डबा तो डबा.”

“मानलं, बाबा,” जावई म्हणाला. तो खरंच चकित झाला होता. “परत करतो उद्याच.”

मुलीने डोळे पुसले, फॉर्म भिंतीवर दाबून धरला आणि पेनचं टोपण दातांनी काढलं. “सॉरी, बाबा. मला उगीचच वाटत होतं.”

“थांब,” बायको म्हणाली.

तिघांनी वळून बघितलं.

“नातीचं नाव खोड. उद्या तिच्या जागी मी बसते.”

“तू?” कॅप्टन हसले. “गच्चीच्या कठड्याशी यायला घाबरतेस तू. बत्तीस वर्षांत एकदाही बसली नाहीस माझ्याबरोबर.”

“म्हणूनच. उद्या मी बसते.”

“पण का?”

तिने चेकलिस्ट मांडीवर पालथी ठेवली. कॅप्टनचं हसू हळूहळू गेलं. सकाळपासून ते जसे त्या वायरींकडे बघत होते, तसे आता तिच्याकडे बघू लागले.

दीड वर्षापूर्वी स्टिक बिघडलीय असं कॅप्टन म्हणाले तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती पूर्ण उघडून पाहिली होती. बिघाड नव्हता. कॅप्टन आंघोळीला गेले असताना बायकोने त्याच्याकडून पीसीत एक सेटिंग करून घेतली होती: हात थरथरला तरी विमानाला कळू नये अशी.