ठपका

शेवंताला मूल नको होतं. लग्नाआधीच तिनं भरतला सांगितलं, त्यालाही पटलं आणि त्यानं गुपचूप नसबंदी करून घेतली. तरी डिंभे गावात वांझ ठरली ती शेवंताच. बारशाला बायका पाळण्याची दोरी तिच्या हाती देत नसत. आईला खरं सांगायला भरतची जीभ रेटेना. शेवटी सासूनं त्याच्यासाठी दुसरी बायको ठरवायला घोडेगावचे पाहुणे बोलावले आणि चहा शेवंतालाच करायला लावला. तिनं ट्रे आदळला. "पावणं, तुमच्या पोरीलाबी लेकरू व्हनार न्हाई. आपरेशन ह्यांचं झालंय!" पाहुणे चहा टाकून उठले. सासू किंचाळली, "हिनंच माझ्या लेकाला नादी लावलं!" शेवंता भरतकडं वळली, "माझी आई मेल्यावर चार भावंडं वाढवली म्या. पाचवं पोर तुमी व्हऊ नका. बोला!" तेव्हा कुठं भरतला कंठ फुटला, "आये, मलाबी पोर नको व्हतं."