कमी गुणांचं कारण

व्हिएतनाममधल्या हायफाँगच्या आमच्या पोरांच्या शाळेत तोआन सर गणित असं शिकवत, की फळ्यालाही जांभई यावी. खरं गणित ते संध्याकाळी शिकवत, स्वतःच्या घरी, फी घेऊन. आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चाचणीला नेमकी तीच उदाहरणं येत. सगळ्यांनी मुलं पाठवली. मी माझ्या लेकीला, दिएपला, पाठवलं नाही. वर्गात झोपा काढणाऱ्या माणसाच्या दारात मी कशाला उभी राहू? मग काय, ढ पोरांना दहापैकी नऊ आणि माझ्या हुशार पोरीला पाच.

आता दिएपने अर्ज केलेलं ऑस्ट्रेलियातलं कॉलेज विचारतंय, गणितात गुण इतके कमी का? कारण लिहा आणि खाली वर्गशिक्षकांची सही आणा. वर्गशिक्षक कोण, तर हेच महाशय.

"आई, मी आजारी होते असं लिहू?" दिएपने विचारलं.

"खोटं कशाला? त्यांनी जे केलं तेच लिही. करू दे सही स्वतःच्या हाताने."

तिने शिकवणीसकट, सरांच्या नावासकट सगळं लिहिलं. मी तो कागद त्यांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, बघू या आता तोंड कुठे लपवतो हा माणूस.

सरांनी चष्मा लावला, शांतपणे वाचलं, दोन ठिकाणी लाल पेन फिरवलं.


"मुद्दे बरोबर आहेत, ताई, पण मांडणी कच्ची. परदेशी कॉलेजांना कमी गुणांची कारणं कशी द्यायची, त्याची शिकवणी रविवारपासून घरी सुरू करतोय. या वेळी तरी पाठवा पोरीला."