ओल्या पाटीची चव

वाईनच्या परीक्षेत पास झाली तर दीप्तीला सिंगापुरातल्या सेरंगूनच्या रेस्टॉरंटात गिऱ्हाइकांना वाईन सुचवायची नोकरी मिळणार होती. नापास झाली तर ती राहायची त्या यिशुनमधले, "दारूचा क्लास लावलाय बाईने," म्हणत दात काढणारे सगळे मराठी शहाणे खरे ठरणार होते.

तिने ग्लास हुंगला, घोट घेतला.

"शाब्ली. फ्रान्सची पांढरी वाईन. लिंबू, हिरवं सफरचंद, आणि शेवटी ओली पाटी."

परीक्षक मिस टॅन सिंगापुरी हेल काढत वैतागल्या. "ओली पाटी! सगळे पुस्तकातलं घोकून येतात, ला. चाटलेली कुणीच नसते. तू चाटलीयेस?"

"हो. तिसरीपर्यंत रोज."

मिस टॅननी पेन खाली ठेवलं.

"आमच्या झेडपीच्या शाळेत पाटी पुसायला पाणी कोण देणार? थुंकी लावायची नि मनगटाने पुसायची. बाईंची पाठ वळली की सरळ जीभच. ही वाईन अगदी तशीच लागते. फक्त ही थंडगार आहे, आणि हिच्यासाठी कुणी छडी मारत नाही."

मिस टॅन खुर्चीतून पडायच्याच बाकी राहिल्या. "इतकी वर्षं मी हा शब्द शिकवतेय, चव आज कळली!" हसत हसतच त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं. मग डोळे पुसत, पुढे वाकून विचारलं, "आणि हिच्यासोबत खायचं काय?"

"पुस्तकात कालवं लिहिलीत," दीप्ती म्हणाली. "आम्ही पेन्सिल खायचो."