काकिनाड्याचा फोन

वादळ वळलं, आता ते आपल्याच अंगावर येणार, असं शेजारची सत्यभामा आपल्या अंगणात उभी राहून सांगत होती. मधल्या तुराट्यांच्या कुडाच्या अलीकडं भगवानराव कापसाच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र थांबला.

टीव्हीवर सकाळपासून वेगळंच चाललं होतं. वादळ ओडिशाकडं जाईल, इकडं नुसतं आभाळ येईल, म्हणत होते. पण सत्यभामाचा मुलगा राजदीप आंध्रात काकिनाड्याला एका कारखान्यात कामाला होता. घर समुद्राच्या काठाला. तिथून दर दोन-तीन तासांनी फोन यायचा आणि तो ठेवला की सत्यभामा बाहेर येऊन गल्लीला खबर द्यायची. होड्या ओढून वर घेतल्या. बाजार बंद झाला. वारा सुटला. दुपारपर्यंत गल्लीनं टीव्हीचा नाद सोडला आणि सगळी तिच्या दाराशी येऊन बसली.

भगवानराव तेवढे गेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्यांची अर्पिता याच राजदीपशी लग्न करून गेली होती. यवतमाळला सह्या केल्या आणि तिथूनच दोघं गाडीत बसली. त्याच आठवड्यात भगवानरावांनी दोन अंगणांच्या मधे कूड घातला. बौद्धाच्या घरची भाकर तिला गोड लागली, आता तिनं तीच खावी, असं बायकोला, विमलताईंना, सांगितलं आणि मुलीचं नाव घरातून काढून टाकलं. सत्यभामाशी बोलणंही तुटलं. तिच्या हातच्या तिळाच्या चटणीवर जेवलेला माणूस तिच्या घरावरून जाताना दुसरीकडं बघू लागला.

पण वारा काही कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. ऐकलं म्हणून काय बिघडतं, असं स्वतःशी म्हणत ते उठले. यंदा भाव इतके पडले होते, की गावात कोणी कापूस विकलाच नव्हता. ज्याच्या त्याच्या अंगणात गंज्या लागल्या होत्या, आणि भिजून पिवळा पडलेला कापूस नंतर कोणी हातात धरत नाही. तांड्यावरच्या खेमसिंगला त्यांनी हाक मारली. दोघांनी मिळून त्याच दिवशी, मंगळवारी, सूर्य बुडायच्या आत सगळी गंजी घरात नेली. मधली खोली आढ्यापर्यंत भरली. उरलेला स्वयंपाकघरात, विमलताईंच्या डब्यांवरही चढला. बुधवारी सकाळी छपराचे पत्रे तारेनं आवळून वर दगड ठेवले. त्यांच्या मागोमाग साऱ्या गल्लीनं तेच केलं.

आणि बुधवारी सकाळपासून फोन बंद झाला.

लोकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग ज्याचा कापूस घरात गेला तो आपापल्या घरी गेला. सत्यभामा एकटी उंबऱ्यावर बसून राहिली. तिनं फोन लावायचा, कानाशी धरायचा, पुन्हा मांडीवर ठेवायचा. कुडाच्या फटीतून भगवानरावांना ते दिसत होतं. ते आत गेले, बाहेर आले. पत्र्यावरचे दगड उगाच सरकवले. बांधलेली तार सोडून पुन्हा बांधली. संध्याकाळी जेवायला बसले आणि दोन घासांवर उठले. विमलताईंनी तर ताट वाढून घेतलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी आभाळ खाली उतरलं. कडुनिंबाच्या फांद्या मोडू लागल्या. पुढच्या गल्लीतला एक पत्रा उडून रस्त्यावर पडला. भगवानराव दारात उभे राहून त्या पत्र्याकडं बघत होते. विमलताई मागं येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत त्यांनी नवऱ्यापुढं एकदाही आवाज काढला नव्हता.

“तुमी जाता का मी जाऊ?” त्या म्हणाल्या.

भगवानरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि रस्त्यानं वळसा घालून सत्यभामाच्या दाराशी गेले. ती उठून उभी राहिली. वादळ कुठवर आलं, एवढंच विचारायला आले असतील, असं तिला वाटलं. अजून काही कळलं नाही, ती म्हणाली.

“ते घर पत्र्याचं हाय का स्लॅबचं?” भगवानरावांनी विचारलं.

“पत्र्याचं, भाऊ.”

ते उंबऱ्यावरच बसले. पावसाचे टपोरे थेंब आडवे येऊ लागले तेव्हा सत्यभामानं त्यांना आत बोलावलं. ते आत गेले. तिनं दिलेलं पाणी प्यायले. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली राजदीप आणि अर्पिताचा लग्नाचा फोटो होता. मुलगी त्यात वाळल्यासारखी दिसत होती. का मुळातच तशी होती, ते आता त्यांना आठवेना. सत्यभामा फोन मांडीवर घेऊन समोर बसली. छपरावर पाऊस असा कोसळत होता, की बोललेलं ऐकूही आलं नसतं.

दुपारी फोन वाजला. सत्यभामानं नाव पाहिलं, एकदा भगवानरावांकडं पाहिलं, बटण दाबलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. राजदीपशी काय बोलायचं, याची जुळवाजुळव करतच त्यांनी तो कानाला लावला.

“आई, आमी दोघंबी शाळेत आहो,” आवाज अर्पिताचा होता. “पत्रे गेले, पण लागलं कोणाले नाही. कालपासून फोनच लागून नाही राह्यला. माह्या जिवात जीव नाही. मी मंगळवारी फोनवर सांगतलं, ते बाबाच्या कानावर गेलं ना? कापूस घरात घेतला काय त्याईनं?”

भगवानरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून ती सासूला आई, आई म्हणून हाका मारत राहिली.

“घेतला, बाई,” ते म्हणाले. “आता तुमी दोघं घरी या.”