दोन ठोके

ठक्-ठक्.

दोन ठोके म्हणजे चूक. मास्तरांच्या लुळ्या मुठीतली लाकडी पट्टी पलंगाच्या कठड्यावर आपटली आणि पोरीचा चेहरा पडला. तिचं वाक्य बिनचूक होतं. ‘शी वॉक्स मोअर स्लोली दॅन हर सिस्टर.’ त्यात चूक काढायला देवालाही चष्मा लागला असता. मास्तरांनी चक्क खोटं ठोकून दिलं होतं.

जन्मभर त्यांनी इंग्रजी शिकवलं. पैकीच्या पैकी कुणाला दिले नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. त्यांच्या वर्गात माशीसुद्धा आधी स्पेलिंग सांगते आणि मग बसते, असं लोक म्हणायचे. मग एका सकाळी दात घासता घासता उजवं अंग गेलं. वाचाही गेली. हात हलता ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं, पण व्यायाम करून घ्यायला आलेल्या माणसाला मास्तरांनी नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. हात छातीवर ठेवून ते छताकडे बघत पडून राहायचे.

त्यांना सांभाळायला ही पोरगी आली. अंग पुसताना, कूस बदलताना तोंडानं इंग्रजीचा घोष चालूच. परदेशातल्या इस्पितळात कामाला जायचं, त्यासाठी परीक्षा द्यायची, आणि गाडी अडलीय ती तुलनेच्या धड्यावर, असं तिनंच सांगितलं. वर पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘टुडे यू आर मोअर बेटर.’

मोअर बेटर! मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली. पोरीनं कोपऱ्यातली त्यांचीच जुनी पट्टी उचलली आणि उजव्या मुठीत खोचली. ‘बरोबर असेल तर एक ठोका, चूक असेल तर दोन. संकोच करू नका मास्तर, बडवा!’

खोटं वाटेल, पण त्या ‘मोअर बेटर’नं मेलेला हात उठला. बोटभरच उठला, पण उठला.

पोरगी चुकत गेली, मास्तर बडवत गेले. ‘मोअर टॉलर.’ ठक्-ठक्. ‘बॅडर.’ ठक्-ठक्! हळूहळू वाक्यं सुतासारखी सरळ येऊ लागली. ठोका एकच पडू लागला. तेवढ्यात एका दुपारी सून दारातून म्हणाली, ‘अण्णा, चांगली तयारी करून घ्या हं हिची. पास झाली की लगेच निघायचंय तिला. दुसरी बाई बघून ठेवलीय मी.’

दुसरी बाई. मास्तरांना हिच्या आधीची आठवली. गोणी लोटावी तशी कूस बदलायची. ही मात्र आधी आपले तळवे चोळून ऊन करायची आणि मगच पाठीला लावायची.

त्या दिवसापासून बरोबर वाक्यालाही दोन ठोके पडू लागले. पोरगी वाक्य उलटंपालटं करून बघायची. पुन्हा दोन ठोके. ‘मी अगदीच ढ आहे का हो, मास्तर?’ मास्तर डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसानं कधी कुणाचा अर्धा मार्क उगाच कापला नाही, तो आता एका पोरीचं अख्खं आयुष्य कापायला बसला होता.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती पलंगाशी बसली. तिची आईसुद्धा याच चार गल्ल्यांत लोकांची आजारपणं काढत म्हातारी झाली होती. पोरगी सावकाश म्हणाली, ‘आय विल गो फार्दर दॅन माय मदर.’

पट्टी वर गेली. तशीच थांबली.

ठक्.

दुसरा ठोका मास्तरांनी गिळला. आता ही जाणार. जाऊ दे.

पोरगी हळूच म्हणाली, ‘मला ठाऊक होतं, मास्तर. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात.’

मास्तरांनी शरमेनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘अहो, इकडे बघा ना! चुकीला दोन ठोके कुणी ठरवले? मीच ना? ‘मोअर बेटर’ चूक आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा हात हलावा म्हणून चुकत होते मी. पुढं परीक्षा जवळ आली, मला नीट बोलायची सवय हवी होती. आता हाताचं कसं, या काळजीत होते, तर तुम्हीच खोटे ठोके सुरू केलेत. म्हटलं, बरंच झालं. बडवू देत हवं तेवढं.’ तिनं आपले तळवे चोळले आणि पट्टीवरची ती मूठ दोन्ही हातांत धरली. ‘एक ठोका गुड, मास्तर. दोन ठोके बेटर.’

तिनं मूठ सोडली. पट्टी कठड्याच्या वर चांगली वीतभर उठली.

ठक्. ठक्. आणि मग नियमात नसलेला तिसरा.